कार्ड रीडर रुसला, तर...

सोलापूर, प्रतिनिधी : लग्नसराई, जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपुरी घडलेले दर्शन किंवा शाळेचे स्नेहसंमेलन, या प्रसंगांची छायाचित्रे आल्बममध्ये चिकटवून ठेवण्याचा काळ केव्हाच मागे पडला. २००० नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला आणि कुटुंबाच्या आठवणी बोटाच्या पेराएवढ्या मेमरी कार्डात जाऊन बसल्या. अनेक घरांत कपाटाच्या खणात अशी जुनी कार्डे आजही पडून आहेत. व्यावसायिक छायाचित्रकार तर रोजच कार्डे वापरतात. ही कार्डे घरच्या संगणकावर उघडून देणारे साधन म्हणजे कार्ड रीडर.

हे छोटे साधन सुरळीत चालते तोवर त्याची कोणाला आठवणही होत नाही. एके दिवशी मात्र कार्ड खाचेत सरकवूनही संगणक ढिम्म राहतो किंवा 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न पडद्यावर येतो. गोंधळलेला वापरकर्ता 'होय' म्हणून मोकळा होतो आणि मग डोक्याला हात लावतो. वास्तविक अशा वेळी अनेकदा दोष रीडरचा, केबलचा किंवा संगणकाच्या मांडणीचा असतो. छायाचित्रे कार्डावर जशीच्या तशी असतात. खरी हानी होते ती बिघाडाने नव्हे, तर त्यानंतर केलेल्या घाईने. म्हणूनच दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे हे शोधण्याचा क्रम माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

रीडर नेमके काय करतो?

मेमरी कार्डात हार्ड डिस्कसारखी फिरणारी तबकडी नसते. त्यात 'फ्लॅश' प्रकारची स्मृती असते. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र विकसित केले. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार साठवून ठेवायचा आणि त्या भारावरून माहिती ओळखायची, हे त्याचे मूळ तत्त्व. वीज बंद झाली तरी हा भार टिकून राहतो. कार्डातच एक नियंत्रक चिपही असते. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात आहे, याचा हिशेब ती ठेवते. कार्ड रीडरची भूमिका दुभाष्याची. कार्डाची भाषा वेगळी, संगणकाच्या यूएसबी पोर्टची भाषा वेगळी. रीडर या दोघांमधील संभाषण घडवून आणतो.

कार्डावर माहिती साठवायची आणि यंत्राने ती वाचायची, ही कल्पना सोलापूरला नवी नाही. येथील चादरीची नक्षी ज्या जॅकार्ड पद्धतीच्या मागावर विणली गेली, त्या यंत्राचा पाया फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास घातला. त्यात संपूर्ण नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळेत असते. छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे धागा जागीच राहतो. नक्षी चुकू लागली म्हणून जाणता विणकर कार्डांची माळ फेकून देत नाही. दोष कार्डात आहे, सुईत आहे की धाग्यात, हे तो आधी पाहतो. मेमरी कार्डाच्या बाबतीतही हाच शहाणपणा कामी येतो.

आधी दोष कोणाचा, ते ठरवा

कार्डावरील छायाचित्र पडद्यावर दिसण्यासाठी चार कड्यांची साखळी जुळावी लागते. कार्ड, रीडर, पोर्ट अथवा केबल आणि संगणकातील प्रणाली या त्या चार कड्या होत. यांपैकी नेमकी कोणती कडी निखळली, हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कार्ड उघडले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

पहिली पायरी म्हणजे चालू असल्याची खात्री असलेले दुसरे कार्ड त्याच रीडरात घालावे. ते उघडले, तर रीडर, पोर्ट आणि संगणक तिन्ही ठीक आहेत. शंका पहिल्या कार्डापुरती किंवा ते कार्ड आणि तो रीडर यांच्या जोडीपुरती उरते. दुसरे कार्डही उघडले नाही, तर रीडर संगणकाच्या दुसऱ्या पोर्टात लावून पाहावा. तेथेही प्रतिसाद नसेल, तर त्याच पोर्टात एखादा पेनड्राइव्ह लावावा. पेनड्राइव्ह चालला म्हणजे पोर्ट निर्दोष ठरला. शेवटी तो रीडर दुसऱ्या संगणकाला जोडावा. दोन संगणकांवर दोन कार्डे न वाचणारा रीडर बाद समजावा. नवा रीडर काही शे रुपयांत मिळतो, त्याच्या दुरुस्तीत वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

ज्या कार्डाबद्दल शंका आहे, ते मूळ कॅमेऱ्यात घालून पाहणे ही चाचणीही तितकीच मोलाची. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्रे दिसत असतील, तर कार्ड शाबूत आहे. अशा वेळी रीडरच्या मागे न लागता कॅमेराच केबलने संगणकाला जोडून छायाचित्रे उतरवून घ्यावीत. मात्र कॅमेऱ्यानेही कार्ड फॉरमॅट करण्याची सूचना केली, तर तेथे नकार द्यावा आणि कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढावे. कार्ड एखाद्या रीडरात घालताच चटका बसण्याइतके तापत असेल, तर पुढचे सारे प्रयोग तत्काळ थांबवावेत.

पडद्यावरचे संदेश काय सांगतात?

संगणकाचा प्रत्येक संदेश वेगळी गोष्ट सांगत असतो. वापरकर्ते मात्र 'कार्ड चालत नाही' या एकाच वाक्यात सगळे गुंडाळतात. दुकानदाराला किंवा तंत्रज्ञाला संदेशाचे नेमके शब्द सांगितले, तर निम्मे काम तेथेच होते.

काहीच न घडणे : रीडर जोडल्यावर त्यातील दिवा लागत नाही, संगणकाचा सूचक आवाज येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा रीडरपर्यंत वीजच पोहोचलेली नसते. येथे पहिला संशय कॅबिनेटच्या पुढील बाजूच्या पोर्टवर घ्यावा. ही पोर्ट आतल्या एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर सैल झालेली असू शकते. मागची पोर्ट थेट मदरबोर्डवरच असतात. म्हणून चाचणी नेहमी मागच्या पोर्टावर करावी. फ्लॉपीच्या जागी बसवलेल्या जुन्या अंतर्गत रीडरचेही तसेच. कॅबिनेट हलवताना किंवा साफ करताना त्याची वायर निसटू शकते. तंत्रज्ञाकडून ती बसवून घ्यावी; स्वतः उलटी बसवल्यास मदरबोर्डला इजा होण्याचा धोका असतो.

'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' : काहीतरी जोडले गेले हे संगणकाला कळले आहे, पण त्याच्याशी बोलणे जमत नाही, असा याचा अर्थ. खराब केबल, अपुरी वीज किंवा बिघडलेला ड्रायव्हर ही त्याची नेहमीची कारणे. एका पोर्टाची चार पोर्ट करून देणारा हब वापरात असेल, तर तो आधी दूर करावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियरपर्यंत वीज पुरवते. स्वतंत्र अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सर्वांना वाटून देतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला अवघे १०० मिलिअँपियर येऊ शकतात. हब काढूनही संदेश कायम राहिला, तर विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जावे. पिवळ्या खुणेने दाखवलेले उपकरण तेथून 'अनइन्स्टॉल' करून, रीडर काढून, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग रीडर जोडावा. प्रणाली ड्रायव्हर नव्याने बसवते. साध्या यूएसबी रीडरसाठी वेगळी सीडी किंवा इंटरनेटवरून उतरवलेला अनोळखी ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमध्ये तो मुळातच असतो.

'प्लीज इन्सर्ट अ डिस्क' : हा संदेश दिलासादायक समजावा. रीडर, पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक आहेत. रीडरला आपल्या खाचेत कार्ड असल्याचेच कळलेले नाही. अनेक खाचांच्या रीडरमध्ये संगणक प्रत्येक खाचेसाठी वेगळे अक्षर दाखवतो. कार्ड एका खाचेत आणि वापरकर्ता उघडतो भलतेच अक्षर, हा प्रकार सर्रास घडतो. प्रत्येक अक्षर उघडून पाहावे. त्यानेही काम झाले नाही, तर कार्ड पूर्ण आत बसले आहे का, मायक्रोएसडी कार्डाचा अडॅप्टर सदोष आहे का आणि संपर्कपट्ट्यांवर मळ आहे का, हे तपासावे.

'फॉरमॅट द डिस्क' : कार्ड आहे हे संगणकाला कळले, पण त्यावरील मांडणी त्याला वाचता येत नाही. या संदेशात संगणकाने कार्ड तपासून दिलेला निर्णय नसतो. 'मला हे समजत नाही' एवढीच ती कबुली असते. उत्तर एकच, 'कॅन्सल'. यामागील कारणे पुढे स्वतंत्रपणे दिली आहेत.

'राइट प्रोटेक्टेड' : कार्ड वाचता येते, पण त्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक सरकती कळ असते. ती खाली सरकलेली असेल, तर रीडर कार्डाला कुलूप लागल्याचे मानतो. कळ वर सरकवली की प्रश्न सुटतो. ही कळ कार्डातील चिपला जोडलेली नसते; तिची जागा पाहून रीडर निर्णय घेतो. त्यामुळे कळ तुटून पडली, तरी आतील माहितीला काहीही होत नाही. तिच्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा नीट लावला तरी काम भागते. कळ वर असूनही आणि दुसऱ्या रीडरमध्येही हाच संदेश येत असेल, तर ते कार्ड आयुष्याच्या अखेरीस आल्याचे लक्षण असू शकते. आयुष्य संपत आले, की काही कार्डे लेखन बंद करतात. त्यावरील मजकूर विनाविलंब उतरवून घ्यावा.

रीडर दिसतो, कार्ड गायब

काही वेळा संदेशच येत नाही; रीडर जोडल्याचा आवाज येतो, पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये नवे अक्षर दिसत नाही. याची दोन साधी कारणे आहेत. एक म्हणजे विंडोज ७ पासून रिकामे ड्राइव्ह लपवून ठेवण्याची मांडणी आली. कार्ड ओळखले न गेल्याने खाच रिकामी मानली जाते आणि अक्षरही दिसत नाही. 'फोल्डर ऑप्शन्स'मधील 'हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज' ही खूण काढली, की अक्षरे दिसू लागतात. दुसरे कारण अक्षरांच्या भांडणाचे. कार्यालयाच्या नेटवर्कमधील एखाद्या ड्राइव्हने तेच अक्षर आधी घेतलेले असेल, तर कार्डाला जागा मिळत नाही; जुन्या विंडोजमध्ये हा प्रकार विशेष आढळे. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन कार्डावर उजवी क्लिक करावी आणि 'चेंज ड्राइव्ह लेटर' निवडून मोकळे अक्षर द्यावे. तेथेच शेजारी 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हे पर्यायही असतात. बोट चुकून तिकडे जाऊ नये आणि कार्डाऐवजी संगणकाची हार्ड डिस्क निवडली जाऊ नये, याची खबरदारी घ्यावी.

पिढ्यांचे अंतर

कार्ड चांगले, रीडरही चांगला आणि तरीही दोघांचे जमत नाही, असे घडते तेव्हा त्यांची पिढी पाहावी. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड १९९४ मध्ये आले. सोनीचे मेमरी स्टिक १९९८ मध्ये, तर पॅनासॉनिक, सँडिस्क आणि तोशिबा यांचे एसडी कार्ड १९९९ मध्ये जाहीर झाले. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी २००२ मध्ये एक्सडी नावाचे कार्ड काढले. यांपैकी एसडी आणि त्याचे धाकटे भावंड मायक्रोएसडी घरोघर टिकले. एक्सडी आणि मेमरी स्टिक मागे पडले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रीडरमध्ये एसडी आणि मायक्रोएसडी अशा दोनच खाचा असतात. जुन्या ऑलिंपस किंवा फुजी कॅमेऱ्याचे एक्सडी कार्ड घरी असेल, तर जुना बहुखाची रीडर किंवा तो कॅमेरा आणि त्याची केबल जपून ठेवणे आवश्यक ठरते.

एसडीमध्येही पोटभेद आहेत. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी होती. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसीने ती ३२ जीबीपर्यंत आणि २००९ मधील एसडीएक्ससीने २ टीबीपर्यंत नेली. बाहेरून तिन्ही कार्डे सारखीच दिसतात, सारख्याच खाचेत बसतात. परंतु २००६ पूर्वीचा रीडर एसडीएचसी कार्ड वाचू शकत नाही. नवा रीडर मात्र जुनी कार्डे वाचतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या रीडरात ६४ जीबीचे कार्ड घालून 'कार्ड खराब निघाले' म्हणून दुकानदाराशी वाद घालण्यापूर्वी कार्डावर छापलेली ही अक्षरे आणि रीडरवरील अक्षरे ताडून पाहावीत.

संगणकाची पिढीही येथे आडवी येते. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे 'एक्सफॅट' या पद्धतीने मांडलेली असतात. विंडोज एक्सपीला ही पद्धत मुळात समजत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने नंतर वेगळी जोड दिली होती. एक्सपीचा अधिकृत आधारही एप्रिल २०१४ मध्ये संपला. असा संगणक ६४ जीबीच्या निर्दोष कार्डाला 'फॉरमॅट' करण्याचा सल्ला देतो. तेच कार्ड नव्या संगणकात लगेच उघडते.

फोनमधील कार्डाचा खास पेच

मोबाईलमधील कार्ड संगणकात न उघडण्यामागे एक वेगळेच कारण असू शकते. २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून वापरण्याची सोय आली. ही सोय निवडली, की फोन कार्डावरील सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात लिहितो आणि तिची किल्ली त्याच फोनमध्ये राहते. असे कार्ड संगणकाला कोरे किंवा बिघडलेले वाटते आणि फॉरमॅटचा संदेश येतो. कार्डात कोणताही दोष नसतो. ते पुन्हा त्याच फोनमध्ये घालावे, फोन केबलने संगणकाला जोडावा आणि छायाचित्रे उतरवून घ्यावीत. फोन विकण्यापूर्वी किंवा 'फॅक्टरी रीसेट' करण्यापूर्वी हे काम न केल्यास किल्ली नष्ट होते आणि कार्ड हातात असूनही छायाचित्रे कायमची जातात.

कार्ड उघडते, पण आतील फोल्डरांऐवजी एक केबी आकाराचे 'शॉर्टकट' दिसतात, हा प्रकार व्हायरसचा. सायबर कॅफे किंवा फोटो प्रिंट काढून देणाऱ्या दुकानातील संगणकावरून तो कार्डात येऊ शकतो. मूळ छायाचित्रे बहुधा तेथेच, पण लपवलेली असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नये. अँटिव्हायरसने कार्ड तपासावे, 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये लपलेल्या आणि प्रणालीच्या फाईल दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. दुकानात कार्ड देताना कुलपाची कळ खाली सरकवून ठेवली, तर व्हायरसला कार्डावर लिहिणे सहसा जमत नाही.

धूळ, उष्मा आणि वीज

सोलापूरच्या हवेत धूळ पुष्कळ आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. रीडरच्या उघड्या खाचेत साचलेली धूळ कार्डाच्या संपर्कपट्ट्यांवर बसते. पट्ट्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने हलकेच पुसाव्यात. मळ निघाला नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापडावर घेऊन पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच कार्ड वापरावे. खाचेत तोंडाने फुंकर मारण्याची सवय वाईट. तिच्यासोबत ओलावाही आत जातो. टाचणी, ब्लेड किंवा सॅंडपेपर तर नकोच. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या रीडरात ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरपे दाबल्यास त्या वाकतात आणि पुढचे प्रत्येक कार्ड त्या वाकलेल्या पिनेवर आदळते.

छायाचित्रे उतरवत असताना वीज गेली, तर सहसा मूळ कार्डाला धक्का पोहोचत नाही. मात्र कार्डावर काही लिहिले जात असताना किंवा छायाचित्रे 'कट' करून हलवली जात असताना वीज गेली, तर कार्डाची अनुक्रमणिका अर्धवट राहते. त्यामुळे नेहमी 'कॉपी' करावे, संगणकावर छायाचित्रे उघडून खात्री करावी आणि मगच कार्ड रिकामे करावे. यूपीएस नसलेल्या संगणकावर ही शिस्त अधिकच आवश्यक. कार्ड काढण्यापूर्वी 'सेफली रिमूव्ह' वापरावे. २०१८ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून कार्ड झटपट काढण्याची मांडणी रुळली असली, तरी रीडरचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढणे धोक्याचेच असते.

छायाचित्रे परत मिळवताना

अनुक्रमणिका बिघडली किंवा चुकून 'फॉरमॅट' झाले, तरी सर्व संपले असे नाही. संगणकावर केलेल्या 'क्विक फॉरमॅट'मध्ये सहसा अनुक्रमणिका पुसली जाते. पुस्तकाची पाने शिल्लक राहतात. त्या पानांवर नवे काही लिहिले गेले, की मात्र जुने परत येत नाही. म्हणून पहिला नियम असा, की त्या क्षणापासून कार्डावर एकही नवे छायाचित्र काढू नये. कुलपाची कळ खाली करावी आणि कार्ड बाजूला ठेवावे.

त्यानंतर जमत असल्यास संपूर्ण कार्डाची एक हुबेहूब प्रतिमा संगणकाच्या हार्ड डिस्कवर तयार करावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. 'फोटोरेक' ही मोफत प्रणाली या कामी उपयोगी पडते. ती अनुक्रमणिकेवर विसंबत नाही. छायाचित्राची फाईल ज्या ठरावीक खुणेने सुरू होते, ती खूण शोधत कार्ड आरंभापासून अखेरपर्यंत वाचते. त्यामुळे छायाचित्रे मिळतात, पण त्यांची मूळ नावे मिळत नाहीत. 'रेकुव्हा' ही विंडोजवरील प्रणाली वापरण्यास त्याहून सोपी आहे. कोणतीही प्रणाली वापरली, तरी परत मिळालेली छायाचित्रे त्याच कार्डावर साठवू नयेत. तसे केल्यास सापडलेले एक छायाचित्र न सापडलेल्या दुसऱ्यावर लिहिले जाते. विंडोजची 'चेक डिस्क' ही दुरुस्ती अनेक जण पहिल्यांदा चालवतात. ती कार्डाची मांडणी सुधारते, पण त्या प्रयत्नात फाईलचे तुकडे नाव नसलेल्या अवशेषांत रूपांतरित करू शकते. ती छायाचित्रे बाहेर काढल्यानंतरच चालवावी.

कार्ड कोणत्याही रीडरमध्ये दिसतच नसेल, तर घरगुती उपाय संपले. नियंत्रक चिप जळालेली असली, तरी प्रयोगशाळेत आतील स्मृती थेट वाचण्याचे तंत्र उपलब्ध आहे. ते खर्चिक असते आणि यशाची हमी नसते. कार्ड कोणाच्या हाती सोपवताना आणखी एक भान ठेवावे. छायाचित्रे परत मिळवणारी प्रणाली पूर्वी पुसून टाकलेली खासगी छायाचित्रेही बाहेर काढते. काम शक्यतो समोर बसून करून घ्यावे.

स्वस्त कार्डाचा महाग सौदा

रस्त्यावर किंवा इंटरनेटवर निम्म्या किमतीत मिळणारी मोठी कार्डे अनेकदा बनावट असतात. ८ जीबीच्या कार्डातील नियंत्रकाला '१२८ जीबी' असे खोटे बोलायला शिकवलेले असते. पहिली ८ जीबी भरेपर्यंत सर्व ठीक चालते. त्यानंतरची छायाचित्रे नुसती नावापुरती साठतात किंवा जुन्यांवर लिहिली जातात. संगणकावर फाईल दिसते, उघडत मात्र नाही. येथे रीडर निर्दोष असतो आणि परत मिळवण्यासारखे काही शिल्लक नसते. नवे कार्ड घेतल्यावर समारंभापूर्वीच 'एचटूटेस्टडब्ल्यू' या मोफत प्रणालीने ते पूर्ण भरून तपासावे. पक्के बिल घ्यावे.

खणातील कार्डे आधी उतरवा

फ्लॅश स्मृतीतील विद्युतभार कायमचा नसतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या कार्डातून तो हळूहळू झिरपत जातो आणि उष्णतेने हा वेग वाढतो. उन्हात उभ्या मोटारीत राहिलेले किंवा पत्र्याच्या खोलीतील कपाटात पडलेले कार्ड त्यामुळे अधिक लवकर धोक्यात येते. कार्ड हे छायाचित्रांची ने-आण करण्याचे साधन आहे, ती जपण्याची पेटी नव्हे. जुन्या कार्डांवरील छायाचित्रे संगणकावर आणि शिवाय वेगळ्या बाह्य हार्ड डिस्कवर, अशी दोन ठिकाणी उतरवून ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय.

थोडक्यात

* फॉरमॅटचा संदेश आल्यास 'कॅन्सल' करावे. छायाचित्रे मिळाल्यावरच फॉरमॅटचा विचार करावा.
* कार्ड, रीडर, पोर्ट आणि संगणक यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.
* चाचणी कॅबिनेटच्या मागील पोर्टावर, हबशिवाय करावी.
* कार्ड आणि रीडर यांवरील एसडी, एसडीएचसी, एसडीएक्ससी ही अक्षरे ताडून पाहावीत.
* फोनमधील कार्ड संगणकाला दिसत नसल्यास आधी त्याच फोनमध्ये परत घालावे.
* 'कट' नव्हे, 'कॉपी' करावे. छायाचित्रे उघडून पाहावीत आणि मगच कार्ड रिकामे करावे.
* परत मिळवलेली छायाचित्रे त्याच कार्डावर साठवू नयेत.
* रिकामे करायचे कार्ड शक्यतो कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.